थर्मामीटरवर नुसतं ‘लो’

“मी एकटीच असताना कोणी दगावलं, तर ते माझ्याच माथी ना?” दुर्गम, बर्फाळ भागात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारतात. त्यांतल्याच एका तरुण डॉक्टरचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

हिवाळ्यात रस्ता बंद झाला की तिच्या गावातून मोठ्या रुग्णालयात जायला फक्त हेलिकॉप्टर. एका रात्री बर्फात सापडलेल्या माणसाला लोकांनी दवाखान्यात आणलं. नाडी लागत नव्हती. थर्मामीटरवर नुसतं ‘लो’, कारण नेहमीचे डिजिटल थर्मामीटर साधारण 32 अंश सेल्सिअसखाली आकडाच दाखवत नाहीत. वादळात हेलिकॉप्टर उडेना. तिने आणि परिचारिकेने आळीपाळीने दोन तास छाती दाबली. शेवटी फोनवर वरिष्ठांशी बोलून ती थांबली.

“थांबले मी, मॅडम,” हेच तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मग तिने ॲना बोगेनहोल्मचं उदाहरण दिलं. नॉर्वेत काम करणारी ही स्वीडिश डॉक्टर 1999 मध्ये नार्विकजवळ स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. शरीराचं तापमान 13.7 अंशांवर गेलं, तरी ती वाचली. “गारठलेल्या माणसाला ऊब दिल्याशिवाय मृत म्हणायचं नाही, असं आम्हाला शिकवतात. मला त्याला पुरेशी ऊबही देता आली नाही.”

“तुझी काही चूक नाही” हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी मुद्दामच म्हटलं नाही. असं म्हटलं की आतलं बोचणं ऐकून न घेताच बोलणं मिटतं, आणि माणूस आणखी एकटा पडतो. शिवाय मी डॉक्टर नाही, वैद्यकीय निवाडा माझा नव्हे. त्या रात्रीच्या नोंदी वरिष्ठांबरोबर ओळीन् ओळ वाचायला मी तिला सांगितलं. माझ्याबरोबर मात्र प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न होता: त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होतं? आज काय ठाऊक आहे, ते बाजूला ठेवायचं.

ॲनाला ट्रॉम्सोच्या रुग्णालयात नेणारं हेलिकॉप्टर मिळालं, तिथे रक्त शरीराबाहेर काढून गरम करणारं यंत्र होतं. इथे दोन माणसं आणि दोन जोडी हात. हे तिला पटत होतं, पण पटून मन हलकं होत नव्हतं. तिसऱ्या भेटीत, आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, “कमी तापमान मोजणारा थर्मामीटर हिवाळ्याआधी मागवायचा होता. राहून गेला.” तो असता तरी फरक पडला नसता, असं वरिष्ठांचं मत. तरी राहून गेला होता, आणि मी ते तिचंच राहू दिलं. त्यापलीकडचं होतं ते दुःख, आणि दुःखासाठी माफी मागावी लागत नाही, हे तिला हळूहळू उमगलं.

उपचारात चूक झाल्याच्या बोचणीने खचलेल्या डॉक्टरांसाठी अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 साली ‘दुसरा बळी’ हा शब्द वापरला, ते मी तिला सांगितलं. “बळी तो गेला,” ती म्हणाली. तो शब्द मी पुन्हा काढला नाही.

खरी अडचण पुढेच होती. शहरात रुग्णाचे नातेवाईक पुन्हा भेटतीलच असं नाही. इथे त्या माणसाची बायको चार घरं सोडून राहत होती. ही रस्ता बदलून जायची, दिवसभर दवाखान्यातच बसायची, रात्री फोन उशाशी घेऊन जागायची. आठवड्यातल्या दोन रात्री फोन परिचारिकेकडे द्यायचं आम्ही ठरवलं. आणि त्या बाईंना एकदा भेटायचं. स्वतःची बाजू मांडायची नाही, त्या विचारतील तेवढंच बोलायचं.

ती गेली. बाईंनी एकच विचारलं, “त्यांना फार दुखलं का?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं. खोल गारठ्यात आधी शुद्ध हरपते, हृदय नंतर थांबतं. तिने ते सावकाश, दोनदा सांगितलं. बाईंनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

नवा थर्मामीटर आता आला आहे. गारठ्यात बॅटरी बसू नये म्हणून ती तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवते.