डोमेन कंपनी एपीआय (प्रोग्रॅममधून रेकॉर्ड बदलायची सोय) देत नाही. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट आपोआप रिन्यू कसं करायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ऑफिसातला नेक्स्टक्लाउड सर्व्हर सीजीनॅटच्या मागे आहे (म्हणजे स्वतःचा सार्वजनिक आयपी नाही), पोर्ट ८० बाहेरून उघडत नाही, म्हणून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टबॉट या प्रोग्रॅमच्या मॅन्युअल मोडने काढता. दर खेपेला डोमेन कंपनीच्या पॅनेलमध्ये जाऊन डीएनएसचा टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनखाली ठेवलेला मजकूर) बदलावा लागतो. डोमेन दुसरीकडे हलवावं का, असं विचारलंय.

हलवू नका. सीनेम रेकॉर्डने (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा डीएनएस रेकॉर्ड) काम होतं, आणि तो हाताने एकदाच टाकायचा.

मॅन्युअल मोड आपोआप का चालत नाही, तर दर खेपेला लेट्स एन्क्रिप्टकडून नवं टोकन (अक्षरांची एक ओळ) येतं. त्यावरून आणि तुमच्या खात्याच्या कीवरून एसएचए-२५६ हॅश निघतो, तो ‘अंडरस्कोर ॲकमी हायफन चॅलेंज’ या नावाखाली दिसला पाहिजे. मागच्या वेळचा हॅश चालत नाही. पण तपासणी करताना लेट्स एन्क्रिप्ट त्या नावावरचा सीनेम पाळतं. म्हणजे ते नाव दुसऱ्या डोमेनकडे वळवलं, की बदलता टीएक्सटी तिकडे ठेवता येतो.

मी हेच वापरतो. एक स्वस्तातलं वेगळं डोमेन घेतलंय, त्यावर वेबसाइट नाही, ईमेल नाही, डीएनएस क्लाउडफ्लेअरवर. मूळ डोमेनच्या चॅलेंज नावाचा सीनेम या डोमेनच्या त्याच चॅलेंज नावाकडे. सर्व्हरवर सर्टबॉटऐवजी ॲकमी डॉट एसएच ही स्क्रिप्ट, त्यात ‘चॅलेंज अलायस’ हा पर्याय आहे, तो टीएक्सटी या दुसऱ्या डोमेनवर लिहितो. (त्याची डिफॉल्ट सीए, म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था, आता झिरोएसएसएल आहे, लेट्स एन्क्रिप्टच हवं असेल तर तसं सांगावं लागतं.) ॲकमी-डीएनएस नावाचा छोटा सर्व्हरही यासाठीच आहे, पण त्याला बाहेरून पोर्ट ५३ उघडं लागतं. सीजीनॅटमागे तो चालवायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या कंपनीने उद्या एपीआय दिला तरी मी हीच पद्धत सुचवेन. एपीआय टोकन (एपीआय वापरायची किल्ली) सर्व्हरवर साध्या फाइलीत पडून असतं. सर्व्हर फुटला आणि ते मूळ डोमेनचं असलं, तर समोरचा तुमचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची ते सांगणारे) बदलून ऑफिसची सगळी मेल स्वतःकडे ओढू शकतो. या वेगळ्या डोमेनचं टोकन गेलं तर तो तुमच्या नावाने सर्टिफिकेट काढू शकेल. तेही वाईटच, पण मेल शाबूत राहते. क्लाउडफ्लेअरची ग्लोबल की (पूर्ण खात्याचा ताबा देणारी) मात्र चुकूनही वापरू नका. फक्त त्या एका डोमेनचे (झोनचे) डीएनएस रेकॉर्ड बदलता येतील असं टोकन बनवा.

सीनेम टाकताना दोन ठिकाणी गाडी अडते. आधीचा टीएक्सटी त्याच नावावर पडलेला असेल तर पॅनेल सीनेम घेत नाही. तो आधी उडवा. आणि बरीच पॅनेलं नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड भलत्याच नावावर जातो. पॅनेलमध्ये सगळं ठीक दिसतं, तेव्हा बाहेरून डिग ही डीएनएस तपासायची कमांड मारूनच खात्री करा.

वाइल्डकार्डमध्ये नुसतं मूळ डोमेन येत नाही, ते यादीत वेगळं द्या. मग एकाच नावाखाली दोन टीएक्सटी दिसतील, एकही पुसू नका. पहिल्या चाचण्या लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग (सरावाच्या) सर्व्हरवर करा. खऱ्या सर्व्हरवर तासाभरात पाचदा तपासणी फसली की थांबावं लागतं. सर्टिफिकेट इन्स्टॉल करतानाच एनजिनएक्स (वेबसर्व्हर) रीलोडची कमांड देऊन ठेवा, नाहीतर डिस्कवर नवं सर्टिफिकेट आणि ब्राउझरमध्ये जुनंच.

मॅन्युअल मोडवर आता फार काळ निभणारही नाही. लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची मुदत कमी होत चाललीये. १५ मार्च २०२९ पासून कुठल्याच सार्वजनिक सर्टिफिकेटला ४७ दिवसांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. लेट्स एन्क्रिप्टच्या मुदत संपत आल्याच्या ईमेलही जून २०२५ पासून बंद आहेत. आतल्या नेटवर्कवर अपटाइम कुमा हे देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवून त्यात सर्टिफिकेटच्या मुदतीची सूचना चालू करा.