मॉरिशसला मुलांना बोटिंग आणि वडिलांना जुन्या जहाजांचा इतिहास, दोन्ही जमेल का?

जमेल की. पण तुम्ही सगळे दिवस उत्तरेला ग्रँड बेला बुक करताय तिथेच जरा थांबा. निदान दोन रात्री आग्नेयेला माहेबूरला काढा, एअरपोर्टपासून जवळ आहे आणि तुमच्या दोन्ही पार्ट्यांचं काम तिथेच होतं.

मुलांसाठी ब्लू बे. मरीन पार्क आहे, काचेच्या तळाच्या बोटी मिळतात, पण खरं सांगू का, काचेतून बघण्यात निम्मी मजा जाते. पोहता येत असेल तर स्नॉर्कलिंगवालीच घ्या, मेंदूसारख्या सुरकुत्या असलेलं एक अवाढव्य पोवळं आहे ते खाली डोकं घालून बघण्यासारखं आहे. सकाळची बोट घ्या, नंतर वारा सुटतो, आणि जून ते सप्टेंबर जाणार असाल तर त्या बाजूला वारा चांगलाच झोंबतो, विंडचीटर ठेवा. पलीकडे इल ऑ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे, गुलाबी कबुतरं आणि मोठाली कासवं, गाईडबरोबरच फिरवतात. पूर्वेच्या इल ओ सेर्फ बेटावर सगळे जातात, तुम्हीही जाल, छान आहे पण गर्दी फार आणि स्पीडबोटवाले मागेच लागतात, भाव आधी पक्का करा.

आता वडिलांसाठी. माहेबूरच्या समोरच्या खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांनी तोंडावरचं इल द ला पास बेट आधीच घेऊन त्यावर फ्रेंच झेंडा लावला होता, म्हणजे येणारी फ्रेंच जहाजं फसून आत यावीत म्हणून, आणि ती आलीही, पण पुढे इंग्रजांचीच दोन जहाजं प्रवाळात रुतली आणि त्यांच्याच खलाशांनी ती पेटवून दिली. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ या विजयकमानीवर नेपोलियनच्या काळातला हा एकच आरमारी विजय कोरलाय, डिसेंबरमध्ये इंग्रजांनी अख्खं मॉरिशस घेतलं ते सोडा. दोन्हीकडचे जखमी कमांडर एकाच घरात उपचाराला ठेवले होते आणि ते घर आता म्युझियम आहे! १७४४ ला बुडालेल्या सेंत जेरां जहाजाची घंटाही तिथेच आहे, वडिलांना तिथे भरपूर वेळ द्या, मुलांना तोवर किनाऱ्यावर पिरोग बघू द्या, लाकडी मच्छीमार होड्या असतात, रंग एकदम भडक.

राजधानी पोर्ट लुईला अर्धा दिवस ठेवा तो आप्रवासी घाटासाठी. १८४९ पासून गिरमिटिया म्हणजे करारावर आणलेले मजूर इथे उतरवून घेत, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून जहाजं यायची, त्यात आपले रत्नागिरीकडचेही बरेच होते. त्यांचे वंशज अजून तिथे आहेत, गणेश चतुर्थीला तर सरकारी सुट्टी असते, तारखा जुळत असतील तर विसर्जन बघाच.

आणि हो, माहेबूरचा बाजार सोमवारी जोरात असतो, जमलं तर तो दिवस त्यात बसवा.