कॅमकॉर्डरचं चित्र बिघडलंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: जुना मिनीडीव्ही कॅमकॉर्डर आहे. मुलीच्या लहानपणीच्या टेपा लावल्या की चित्रात चौकोन चौकोन येतात, आवाज मधेच जातो. टेपा गेल्या का?

उत्तर: लगेच आशा सोडू नका. चौकोन येतात ते बहुतेक वेळा हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, घाण बसल्यामुळे. दोन-तीन वेगळ्या टेपा लावून बघा, सगळ्यांत चौकोन दिसले तर दोष कॅमेऱ्यात आहे, आणि एकाच टेपमध्ये दरवेळी त्याच जागी दिसले तर टेपचा तेवढा तुकडा खराब झालाय. हेडसाठी कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते, ती प्ले करून दहाएक सेकंदांत थांबवायची, रिवाइंड करायची नाही आणि पुन्हा पुन्हा तर अजिबात फिरवायची नाही कारण ती हेडला घासत असते. कापसाची काडी आत घालायचा मोह कृपा करून आवरा. चांगल्या चाललेल्या कॅमेऱ्याचं हेड त्याने कायमचं जाऊ शकतं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. टेप एलपी मोडवर (एका टेपवर जास्त वेळ मावावा म्हणून) भरली असेल तर तिच्यावरचे ट्रॅक, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पट्ट्या, फारच अरुंद असतात, नेहमीच्या एसपीत 10 मायक्रॉन आणि एलपीत जेमतेम 6.7, त्यामुळे एका कॅमेऱ्यावर भरलेली एलपी टेप दुसऱ्यावर नीट चालेलच असं नाही. ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलं तोच अजून घरात असेल तर त्याच्यावरच लावा. आणि चित्र एकदा स्वच्छ आलं की उद्यावर न टाकता तेव्हाच फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या केबलने) कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मुलीचं ते वय परत शूट करता येणार नाहीये.

प्रश्न: कार्डवाल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसतं पण कॉम्प्युटरवर अडकत चालतं, कोणी हललं की कडेला आडव्या रेघा येतात.

उत्तर: कॅमेऱ्यात छान दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग चांगलं आहे, कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका. 1080आय या रेकॉर्डिंगच्या प्रकारात एक फ्रेम दोन भागांत घेतली जाते, आधी एक सोडून एक ओळी आणि मग उरलेल्या, तेवढ्यात माणूस थोडा सरकलेला असतो म्हणून रेघा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दोन भागांतल्या रेघा घालवायची सोय) चालू केलं की जातात. अडकत असेल तर थेट कार्डावरून न चालवता आधी हार्डडिस्कवर कॉपी करा, तरीही अडकलं तर प्लेअरमधलं हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) चालू करून बघा. कॉपी करताना नुसत्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली उचलू नका, कार्डावरचं एव्हीसीएचडीचं अख्खं फोल्डर घ्या. लांबलचक शूटिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो, आणि ते नीट जोडायची माहिती त्या फोल्डरमधल्या बाकीच्या फाइलींत असते.

प्रश्न: ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं.

उत्तर: शटर स्पीड (एकेक चित्र किती वेळ टिपलं जातं तो) विजेशी जुळवा. वीज 50 हर्ट्झची असेल तर 1/50 किंवा 1/100 सेकंद, 60 ची असेल तर 1/60 किंवा 1/120. ऑटोवर सोडू नका.

प्रश्न: शूटिंग चालू असताना बॅटरी संपली, आता ती एमपी4 फाइल उघडतच नाही. कार्ड फॉरमॅट करू का?

उत्तर: नको! त्या कार्डावर आता काहीही नवीन शूट करू नका. एमपी4 मध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची यादी साधारणपणे रेकॉर्डिंग बंद करताना लिहिली जाते, ती लिहायच्या आधीच बॅटरी गेली, म्हणून फाइल उघडत नाही, पण चित्रं बहुतेक कार्डावर असतात. जमलं तर आधी कॉम्प्युटरवर अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून कार्ड त्याच कॅमेऱ्यात घाला, बरेच कॅमेरे डेटा दुरुस्त करायचा का असं स्वतःच विचारतात, तिथे हो म्हणा आणि ते संपेपर्यंत बंद करू नका. असं काही विचारलं नाही तर फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांना त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. ती मात्र दुसऱ्या कार्डावर शूट करा.