दशांश किती? आधी ती पॉलिसी परत करा

काका, सप्रेम सलाम.

अंबडच्या कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झालात, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख हाती आले. दशांश (देवाला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग) या रकमेवर एकदम द्यायचा, म्हणजे ४ लाख, की महिन्याच्या व्याजावर, असं विचारलंत. सांगते. पण आधी तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी. आपल्या चर्चच्या मंडळीतल्याच एका विमा एजंटाने ५ लाखांची ‘एफडीसारखी’ योजना दिली, कागद येऊन १८ दिवस झाले, काकूंना अजून सांगितलेलं नाही, आणि ‘देव शंभरपट देतो, पुढची सोय तोच करील.’

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या सहीच्या वरच बारीक अक्षरात छापलंय: प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे. वर्षाला ५ लाख, दहा वर्षांत ५० लाख. तुमच्याकडे आहेतच ४०! पगार थांबलेल्या माणसाच्या गळ्यात ही पॉलिसी मारणारा रविवारी तुमच्या शेजारी बसून गीतं गातो, म्हणून ती एफडी होत नाही.

कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्याकडे १२ दिवस उरलेत. एजंटाकडे जाऊ नका, थेट कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता ‘शंभरपट’. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं (अध्याय १०) ते वचन तुम्ही अर्धंच लिहिलंत. येशूसाठी घरदार सोडणाऱ्यांना ते दिलेलं आहे आणि त्यात ‘छळणुकीबरोबर’ हाही शब्द आहे. विम्याचे हप्ते तिथे कुठेच नाहीत. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, टाकणाऱ्या विधवेने परताव्याचा दर विचारला नव्हता. स्वर्गातल्या संपत्तीला कसर (कीड) लागत नाही, हे मीही मनापासून मानते, काका. पण ती संपत्ती हप्ता भरायला खाली मागवायची नसते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हेही प्रभूनेच सांगितलंय (लूक १४).

तो हिशेब असा. पॉलिसीचे पैसे परत आले की ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत: साधारण ८ टक्क्यांनी महिना २० हजार पडतात, हाती येतात दर तिमाहीला. ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, काकूंसह संयुक्त खात्यात: साडेपाच हजार. पेन्शन ४ हजार. एकूण साडेएकोणतीस. काकूंची शुगरची औषधं धरून तुमचा खर्च २५ हजार. उरलेला लाख बचत खात्यात, दवाखान्यासाठी.

म्हणून दशांश महिन्याच्या मिळकतीवर द्या, साधारण ३ हजार. पगारातून तीस वर्षं दिलातच. एकदम ४ लाख दिलेत तर महिन्याचे अडीच हजार कायमचे कमी होतील, आणि ते काकूंच्या औषधांतून जातील. आईबापांच्या हक्काचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये काय सुनावलं, ते एकदा काकूंसोबत वाचा.

आणि पॉलिसीचं त्यांना आज रात्रीच सांगा. शाखेत जाताना त्यांनाही सोबत न्या.