बालपुनर्वसनात नव्याने आलेल्या थेरपिस्टसाठी

दिसेल तो शोधनिबंध वाचत सुटू नकोस. आधी समोरच्या मुलाबद्दल एक प्रश्न लिहून काढ: वय, जीएमएफसीएसची (मूल कितपत हालचाल करू शकतं हे सांगणाऱ्या पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणाची) पातळी आणि आईवडिलांना नेमकं काय साधायचंय. मग शोध.

सेरेब्रल पाल्सीसाठी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांचा २०१३चा आढावा आणि २०२०ची सुधारित आवृत्ती, दोन्ही वाचच. उपचारांना सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल रंग दिलेत. ध्येय ठरवून केलेला सराव, दोन्ही हातांचं एकत्रित काम, घरी करायचा कार्यक्रम हे हिरव्यात. म्हणजे जिथे मूल स्वतः धडपडतं ते. थेरपिस्टनेच हातपाय हलवत राहायचं, याला भक्कम पुरावा नाही. हे पचायला जड जातं, कारण आपल्यातले बरेच जण तेच शिकून आलेत.

वाचलेलं सहकाऱ्यांना सांग, पण नुसता सारांश नको, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. पालकांच्या संमतीने, नाव गाळून एक केस मांड: आधी काय मोजलं, काय बदललं, नंतर काय आढळलं. फरक पडला नसेल तर तेही सांग. नेमकं तेच सहसा दडून राहतं. ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्टनाही बोलव, त्यांना मुलाची वेगळी बाजू दिसते.