पीएलसी येतं, मग जहाजावरचं ऑटोमेशन जमेल का?

तुम्ही विचारलंय की पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर), स्काडा (सगळ्या यंत्रणेवर स्क्रीनवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) चांगलं येतं तर नौदलाच्या जहाजांवरच्या ऑटोमेशनचं सिस्टिम्स इंजिनिअरिंग जमेल का. जमेल, पण मी याच कामात आहे म्हणून सांगतो, प्रोग्रॅमिंग हा त्यातला सोपा भाग. खरी डोकेफोड असते ती या क्षणाला कंट्रोल कोणाच्या हातात आहे आणि ते त्या माणसाला कळतंय का, याची.

कारखान्यात लुब ऑइलचं (वंगणाचं) प्रेशर पडलं की मशीन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं, आणि ते बरोबरच आहे. युद्धनौकेवर मात्र बॅटल ओव्हरराइड असतो, म्हणजे इंजिन गेलं तरी चालेल पण आत्ता बंद पडता कामा नये, कारण थांबलेलं जहाज म्हणजे आयतं टार्गेट. मग कुठल्या ट्रिप ओव्हरराइड होऊ द्यायच्या, तो स्विच कोणी दाबायचा, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, ते कसं दिसणार, हे सगळं कोडची पहिली ओळ लिहायच्या कितीतरी आधी इंजिनवाले आणि ब्रिजवाले एकत्र बसवून ठरवावं लागतं, आणि ते भांडतातच.

यूएसएस जॉन एस. मॅककेन या अमेरिकी डिस्ट्रॉयरचा (युद्धनौकेचा) अपघात नीट समजून घ्या. ऑगस्ट २०१७, सिंगापूरजवळ. सुकाणूवरच्या खलाशाचा भार कमी करायला थ्रॉटल (वेगाचा कंट्रोल) शेजारच्या कन्सोलवर द्यायचं ठरलं, त्या गडबडीत टचस्क्रीनवरून सुकाणूसुद्धा तिकडे गेलं, आणि त्या खलाशाला वाटलं स्टिअरिंगच बिघडलं. त्यात दोन्ही थ्रॉटल एकत्र जोडलेले नव्हते, त्यामुळे वेग कमी केला तो फक्त डाव्या पंख्याच्या शाफ्टचा, उजवा जोरात चालूच, जहाज डावीकडे वळत गेलं आणि टँकरला धडकलं. १० खलाशी गेले. स्टिअरिंग बिघडलेलंच नव्हतं हो! नंतर अमेरिकी नौदलाने आपल्या डिस्ट्रॉयरवर परत हाताने ढकलायचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं, आणि मला तो निर्णय शंभर टक्के पटतो.

सॉफ्टवेअरमुळेही घोळ होतातच, १९९७ मध्ये यॉर्कटाऊन या अमेरिकी युद्धनौकेवर डेटाबेसमध्ये एक शून्य टाकलं गेलं, शून्याने भागाकार झाला आणि प्रोपल्शनच (जहाज पुढे ढकलणारी यंत्रणा) बंद.

म्हणून शिकायचंच तर इंटरफेस डॉक्युमेंट (कुठली यंत्रणा कुठल्या यंत्रणेशी कशी जोडायची ते सांगणारा कागद) लिहायला शिका, एफएमईए (कुठला भाग कसा बिघडेल आणि मग काय होईल याचा अभ्यास) शिका, आणि हार्बर ट्रायल, सी ट्रायलला एक नेटवर्क स्विच मुद्दाम बंद करून दुसरी रिंग (राखीव नेटवर्क) खरंच काम घेते का ते स्वतः उभं राहून बघा, नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. मॅककेनवरचा एनटीएसबीचा (अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेचा) रिपोर्ट फुकट मिळतो, इंटरव्ह्यूच्या आधी तो पूर्ण वाचा.