ठिपका चालायला लागला तर: पाळीव सरड्यांवरचे माइट

प्रश्न : आमचा ग्रीन इग्वाना दोन वर्षांचा आहे. महिन्यापूर्वी दुसरा एक आणला, त्याचा पिंजरा शेजारीच ठेवलाय. आता जुन्याच्या गळ्याखालच्या घडीत काळपट तांबडे ठिपके दिसतात. तो दिवसभर पाण्याच्या टबात बसून असतो आणि खाणं निम्म्यावर आलंय. ही घाण आहे की कीड? (पुणे)

उत्तर : कीड असावी, पण औषधाआधी खात्री करून घ्या. पांढरा टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि गळ्याच्या घडीतून, काखेतून, मागच्या पायांच्या जांघेतून, कानाच्या पडद्याच्या कडेने, डोळ्यांभोवती आणि शेवटी शेपटीच्या मुळाशी गुदद्वाराच्या फटीवरून हळूच फिरवा. तो कागद उजेडात दोन मिनिटं ठेवा. ठिपका चालायला लागला तर माइट, म्हणजे अंगावर बसून रक्त पिणारी बारीक कीड. नखाने चिरडल्यावर तांबडा डाग उमटला तर तो रक्त प्यायलेला माइट. टबातल्या पाण्याच्या तळाशी खसखशीच्या दाण्यांसारखे काळे कण साचले असतील तर ते बुडून मेलेले माइट असतात. खवल्यांवर रांगोळी भुरभुरल्यासारखी पांढरट भुकटी दिसली तर ती त्यांची विष्ठा.

पाण्यात बसणं एवढ्यावरून मात्र निदान करू नका. इग्वानाला पाण्यात शी करायची सवय असते आणि कात टाकायच्या दिवसांतही तो पाणी धरून बसतो.

इग्वानावर मुख्यतः दोन प्रकारचे माइट सापडतात. पहिला ऑफिओनिसस, म्हणजे सापांवरचा माइट. तो सरड्यांवरही सहज बसतो. उपाशी असताना पिवळट तपकिरी, रक्त प्यायल्यावर जवळजवळ काळा, लांबी साधारण एक मिलिमीटर, आणि चांगला पळतो. दुसरा हिर्स्टिएला. हा शेंदरी लाल असतो आणि खवल्यांच्या फटीत चिकटून बसतो. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात तो पिकावरचा, त्याचा इथे संबंध नाही. तुमचं वर्णन पहिल्याकडे झुकतं. उपचार दोन्हींना जवळपास सारखाच, पण पहिला जास्त चिवट. कारण तो सरड्यावर फक्त जेवायला येतो, राहतो पिंजऱ्यात.

हे समजून घेतलं नाही तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. मादी अंगावर अंडी घालत नाही. रक्त पिऊन उतरते, अंधारी ओलसर फट शोधते आणि आयुष्यभरात साठ-ऐंशी अंडी घालते. अंडी एक ते चार दिवसांत फुटतात. सहा पायांचं पहिलं पिल्लू काहीच खात नाही. कात टाकून ते आठ पायांचं झालं की मग सरडा गाठतं. २५ ते ३० अंश सेल्सियसला अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास १३ ते १९ दिवसांत पुरा होतो. पुण्यातला जुलै-ऑगस्ट त्यांना अगदी मानवतो.

आता कामाचा क्रम. आज इग्वाना बाहेर काढून झाकणाच्या, भोकं पाडलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, खाली फक्त कोरा कागद. कागद रोज बदला, काढलेला कागद लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. पांढऱ्या कागदावर रोज किती ठिपके पडतात ते मोजता येतं, हा या डब्याचा मोठा फायदा. उबेचा दिवा आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा दिवा) काढून घेऊ नका. आजारी सरड्याला ऊब कमी पडली तर तो खात नाही, आणि उपाशी जनावराला औषध सोसत नाही.

आंघोळ २९ ते ३२ अंशांच्या पाण्यात, खांद्यापर्यंत, वीस-तीस मिनिटं, समोर बसून. अंगावरचे बरेच माइट यात बुडतात, पण उरलेले वाट काढत डोक्यावर जमतात. तिथे ओल्या कापसाने पुसून घ्या. डोळ्यांच्या कडेला अडकलेल्यांवर डॉक्टर स्टेरॉइड नसलेलं डोळ्यांचं साधं मलम देतात, त्यात ते गुदमरतात. आंघोळीने जनावराला आराम पडतो, पण कीड जात नाही.

औषध पशुवैद्यकाकडूनच, आणि तेही सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्याकडून. इग्वानावर बहुतेकदा आयव्हरमेक्टिनचा फवारा वापरतात: एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम. बाजारातलं एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, म्हणून लिटरला अर्धा मिलिलिटर पुरतो. इथे शून्य चुकलं की मात्रा दहापट होते. इन्शुलिनच्या सिरिंजवर युनिटांचे आकडे असतात, ते मिलिलिटर समजून वाचू नका. हे औषध पाण्यात नीट मिसळत नाही, तळाशी बसतं. म्हणून दर फवाऱ्याआधी बाटली जोरात हलवा, नाहीतर आधी नुसतं पाणी आणि शेवटी सगळं औषध अंगावर पडेल. उजेडात ते खराब होतं, तेव्हा दरवेळी ताजं करा. डोळे आणि तोंड वगळून अंग ओलं करा. दर तीन ते पाच दिवसांनी, चार आठवडे. फवाऱ्याआधी पाण्याचं भांडं बाहेर काढा, सगळं वाळल्यावरच परत ठेवा.

घरात कासव असेल तर ही बाटली त्याच्या आसपासही नेऊ नका. आयव्हरमेक्टिनने कासवं मरतात. काही स्किंक (सापसुरळीच्या कुळातले सरडे) जातींनाही ते सोसत नाही.

पिंजरा त्याच दिवशी. तळाचा थर, साल, कृत्रिम वेली पोत्यात बांधून बाहेर. उकळत्या पाण्यात मावतील ती प्लास्टिकची भांडी उकळा. फांद्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर अर्धा तास समोर उभं राहून तापवा किंवा सरळ फेकून द्या. मोठ्या फांदीच्या गाभ्यापर्यंत उष्णता जायला वेळ लागतो, त्यामुळे मोह नकोच. मग खरी मेहनत: सरकत्या काचेची खाच, बिजागऱ्या, दिव्याच्या होल्डरमागची जागा, प्लायवूडचे सांधे. खाचेतून कानात घालायची कापूसकाडी फिरवा, काळी होऊन आली तर तुमचा मुख्य अड्डा सापडला. कडक गरम पाणी आणि साबणाने घासा, कोरडं करा, सांध्यांत सिलिकॉन भरा. ब्लीचने जंतू मरतात, पण माइटच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

दोन्ही इग्वानांवर एकाच वेळी उपचार करा, नव्यावर काही दिसत नसलं तरी. पिंजरे वेगवेगळ्या खोल्यांत हलवा. पूर्वी दुधाच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसंच इथे करा, फक्त पाण्यात साबणाचे चार थेंब टाका. पिंजऱ्याच्या वरच्या कडेला बोटभर रुंद व्हॅसलीनची पट्टी ओढा.

एक गोष्ट आजच बघा. तोंड उघडलं की आतली त्वचा फिकी, पांढरट दिसते का? रक्तक्षय झाला असेल तर फवाऱ्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. इग्वानाच्या जिभेचं टोक मुळातच गडद असतं, ते पाहून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : बीअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या टँकमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) बारीक पांढरे किडे झालेत. काही उड्या मारतात. माइट समजून औषध आणून ठेवलंय. (डोंबिवली)

उत्तर : ठेवलंय तसंच राहू द्या. उड्या मारणारे ते स्प्रिंगटेल, निरुपद्रवी. माइट उडी मारत नाहीत. उडी न मारणारे, मंद चालणारे, फिके किडे सहसा बुरशी आणि सडका पाला खाणारे असतात. टिश्यूची चाचणी सरड्याच्या अंगावर करा. अंगावर एकही नसेल आणि खाली ढीगभर असतील तर ओल जास्त झाली आहे, एवढाच अर्थ. या प्राण्याला ३०-४० टक्के आर्द्रता पुरते. ओलं कोकोपीट त्याच्यासाठी नव्हेच. काढून कागद किंवा फरशी घाला आणि रात्री उरलेली भाजी उचलत जा.

प्रश्न : दुकानदाराने कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध पाण्यात घालून इग्वानावर मारायला सांगितलं. मारल्यावर दोन तासांत तो थरथरायला लागला, मान टाकतोय. काय करू? (नाशिक)

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत तुमच्या बाबतीत जे व्हायचं ते झालेलं असेल, म्हणून हे उत्तर इतरांसाठी. कोमट पाण्याची बारीक धार आणि भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब घेऊन अंग धुवा, साबण पूर्ण निघू द्या. हातमोजे घाला. मान उचलत नसलेला सरडा टबात कधीही ठेवू नका, चार बोटं पाण्यातही तो बुडतो. पुसून कोऱ्या कागदावर, हवेशीर डब्यात, २८ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा. प्रखर दिव्याखाली नको, कारण त्याला बाजूला सरकता येत नाही. पाठीवर अलगद उताणा करून पाहा: धड सरडा लगेच उलटतो. उलटला नाही तर औषधाची बाटली किंवा खोका सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि अमिट्राझ ही तिन्ही गोचिडांची औषधं आहेत, पण त्यांची विषबाधा आणि तिचा उपचार सारखा नसतो. नाव कळलं नाही तर डॉक्टरांना अंदाजाने जावं लागतं.

फिप्रोनिलचा कुत्र्यांचा स्प्रे काही डॉक्टर वापरतात हे खरं. पण ते कपड्यावर घेऊन पुसतात आणि थोड्या वेळाने धुऊन काढतात, कारण त्यातल्या अल्कोहोलनेही सरड्याला त्रास होतो. थेट फवारणं वेगळं. डांबरगोळ्या आणि रॉकेलही आलंच त्यात: आधी सरडा मरतो, फटीतल्या अंड्यांना काही होत नाही.

प्रश्न : उपचार झाले, पंधरा दिवस एकही माइट नव्हता, म्हणून जुनी फांदी आणि दगड परत लावले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. औषध बोगस होतं का? (कोल्हापूर)

उत्तर : औषध ठीक असावं, हिशेब चुकला. अंड्यांवर फवाऱ्याचा भरवसा नसतो आणि आठ पायांचं भुकेलं पिल्लू दोन-तीन आठवडे फटीत तग धरतं. पंधरा दिवस शांतता म्हणजे पुढची पिढी अजून वर आली नव्हती, बस. शेवटचा ठिपका दिसल्याच्या तारखेपासून सहा आठवडे मोजा. मधे एक दिसला की पुन्हा शून्यापासून. तोवर कोरा कागद, एक भांडं आणि एकदा वापरून फेकता येईल असं पुठ्ठ्याचं खोकं लपायला, एवढंच सामान. तुमच्या बाबतीत गुन्हेगार बहुधा फांदीच आहे. दगडाला उकळतं पाणी पुरतं, फांदीला नाही.

दुसरं कारण तुमचे हात. आजारी सरड्याचं काम दिवसाच्या शेवटी करा, मग अंगावरचे कपडे सरळ गरम पाण्यात. नवा प्राणी आणाल तेव्हा किमान साठ दिवस दुसऱ्या खोलीत.

प्रश्न : शेतात घोरपडीचं पिल्लू सापडलं. मानेवर आणि काखेत चपटे तपकिरी किडे चिकटलेत. साफ करून पाळावं म्हणतो. (सातारा)

उत्तर : पाळू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा. किडे माइट नसून गोचीड असणार. घोरपडीवर आणि सापांवर आपल्याकडे अँब्लिओमा गोचीड नेहमीची, जंगलातल्या धडधाकट जनावराला ती चार-सहा असतातच. उपटायला जाऊ नका, सोंड आत तुटून राहते आणि जखम पिकते. पिल्लू पळत असेल तर बांधाकडेला सोडून द्या. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा.